छोटीचा अभ्यास

परीक्षा जवळ आली की तुमच्या घरात काय होते? टी.व्ही. बंद होतो. अम्मी रात्री गरम दूध आणून ठेवते. कोणी मोठ्याने बोलले, तर अब्बा डोळे वटारतात. आता अशी कल्पना करा, की ज्या दिवसांत तुम्हांला अभ्यास करायचा आहे, त्याच दिवसांत वीस-पंचवीस रुग्णांची काळजीही तुम्हांलाच घ्यायची आहे. माझ्या धाकट्या बहिणीने, आमच्या छोटीने, असा अभ्यास सव्वा वर्ष केला.

आम्ही मालेगावचे. अब्बा यंत्रमागावर कामाला होते. मागांच्या खटखटीतच आम्ही पाढे पाठ केले. छोटी दहावीपर्यंत तुमच्यासारखीच उर्दू माध्यमात शिकली. पुढे चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग करून ती नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात नोकरीला लागली. तिला एम.एस्सी. करून नर्सिंगच्या मुलींना शिकवायचे होते. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. बी.एस्सी. झालेल्या मुलीने त्याआधी निदान एक वर्ष काम केलेले असावे, असा भारतीय नर्सिंग परिषदेचा नियम आहे. मला हा नियम योग्य वाटतो. जिने रात्री दोन वाजता रुग्णाला सलाईन लावले नाही, ती ते दुसरीला काय शिकवणार?

परंतु या नियमामुळे एक अडचणही होते. अभ्यासाला जो वेळ हवा, तो नोकरी खाते. छोटीला महिन्यातून अनेकदा रात्रपाळी असे, रात्री आठ ते सकाळी आठ. सकाळी सगळ्या रुग्णांची माहिती पुढच्या सिस्टरला सांगून, नोंदी सोपवून ती खोलीवर येई आणि दुपारी एकपर्यंत झोपे. दोन ते पाच अभ्यास. कधी झोप पुरी होत नसे, कधी अभ्यास. पुस्तकावर डोके ठेवून ती झोपी गेली, असेही पुष्कळदा झाले. ड्युटीवर मात्र पुस्तक उघडायचे नाही, हा तिचा स्वतःचा नियम होता. "रुग्णाने हाक मारली आणि माझे डोळे पुस्तकात असले तर?" असे ती म्हणे.

मग तिने एक युक्ती काढली. रात्री वॉर्डात जे पाहिले, तेच दुसऱ्या दिवशी वाचायचे. प्रसूती विभागात असताना एक बाळ जन्मतः रडलेच नाही. नवजात बाळाला जन्मानंतर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला गुण देतात. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, स्पर्शाला मिळणारा प्रतिसाद आणि त्वचेचा रंग, अशा पाच गोष्टी पाहायच्या. प्रत्येकीला जास्तीत जास्त २ गुण. ही पद्धत डॉ. व्हर्जिनिया अपगार या अमेरिकन विदुषींनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. त्या बाळाला पहिल्या मिनिटाला ४ गुण होते, पाचव्या मिनिटाला ८. दुसऱ्या दिवशी छोटीने तो धडा उघडला, तेव्हा पाठ करण्यासारखे काही उरलेच नव्हते.

मी शाळेत गणित शिकवते, म्हणून हिशेबाचे प्रश्न ती मला फोनवर विचारी. एक तुम्हीही सोडवून पाहा. ५०० मिलिलिटर सलाईन ५ तासांत द्यायचे आहे. नळीतून १५ थेंब पडले, की १ मिलिलिटर होते. तर एका मिनिटाला किती थेंब पडले पाहिजेत? २५ उत्तर आले ना? वर्गात हे चुकले, तर एक गुण जातो. वॉर्डात थेंब फार भरभर पडले, तर हृदय दुबळे असलेल्या रुग्णाला धाप लागू शकते.

आता मराठीविषयी सांगते. आपल्याकडे पुष्कळ मुलांना वाटते, की मराठीत पस्तीस गुण पडले म्हणजे झाले. छोटीलाही तसेच वाटे. पण वॉर्डात येणाऱ्या बहुतेक बायका खेड्यापाड्यांतल्या. त्यांना वेदना झाल्या, की त्या मराठीतच सांगणार! पोटात कळ येते, म्हणजे दुखणे उसळते, ओसरते, पुन्हा उसळते. गळू ठणकते, म्हणजे नाडीच्या ठोक्याबरोबर दुखते. कमरेत चमक भरते, छातीत जळजळते, पायाला मुंग्या येतात. छोटी हे शब्द एका वहीत लिहून ठेवी. पलीकडच्या रकान्यात उर्दू शब्द आणि त्यापुढे पुस्तकातला इंग्रजी शब्द. प्रवेश परीक्षा इंग्रजीतून असते. त्या इंग्रजी शब्दांची तिला फार धास्ती होती. वही भरत गेली तशी ती कमी झाली, कारण प्रत्येक शब्दाशेजारी तिला कोणीतरी बाई दिसू लागली.

अभ्यासाइतकीच पैशांचीही तयारी करावी लागली, आणि ही गोष्ट कोणत्याच मार्गदर्शक पुस्तकात नसते. एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, की नोकरी सोडायची. घर तर तिच्याच पगारावर चाललेले. अब्बांनी काम सोडले होते, धाकटा भाऊ आय.टी.आय.मध्ये शिकत होता. छोटीने बँकेत आवर्ती ठेव सुरू केली. ईदला नवे कपडे घेतले नाहीत. अम्मीने ते पाहिले, पण ती काही बोलली नाही.

पहिली परीक्षा दिल्लीच्या 'एम्स'ची. १९५६ साली स्थापन झालेली ही मोठी संस्था. त्या परीक्षेत उत्तर चुकले, तर एक तृतीयांश गुण वजा होतो. आदल्या रात्रीच छोटीची रात्रपाळी लागली. रजा नामंजूर झाली. शेवटी केरळहून आलेल्या एका ज्येष्ठ सिस्टरने आपली सुट्टी सोडून तिची पाळी केली. एवढे होऊनही छोटीचे नाव यादीत आले नाही. आठवडाभर तिने पुस्तकाला हात लावला नाही. मग वही काढली आणि आपल्याच राज्यातल्या दुसऱ्या परीक्षेच्या तयारीला लागली. तिथे मात्र नाव आले.

त्या संध्याकाळी घरात आनंद होता आणि शांतताही होती. प्रत्येक जण मनात हिशेब करत होता. थोड्या वेळाने अब्बा म्हणाले, "सुभानचाचांच्या कारखान्यात रात्रीचा पहारेकरी हवा आहे. मी विचारून येतो." छोटीने त्यांना जाऊ दिले नाही. ठेवीचे पुस्तक त्यांच्या हातात ठेवले. त्यात वर्षभराचा घरखर्च होता. दुसऱ्या वर्षाचे नव्हते. दुसऱ्या वर्षाची जबाबदारी मी घेतली.

छोटी आता दुसऱ्या वर्षात आहे. सामाजिक आरोग्य नर्सिंग हा तिचा विषय. प्रबंधासाठी ती मालेगावात घरोघरी जाऊन कांड्या भरणाऱ्या बायकांना भेटते. त्यांची पाठ दुखते, मान धरते, बोटे बधिर होतात. परवा तिने फोन केला. "बाजी, एक चाची म्हणतात, मनगटात 'सणक' येते. हा शब्द माझ्या वहीत नाही. ठणक्याहून वेगळा आहे का?" मला नीटसे सांगता येईना. मी तिला म्हटले, त्यांनाच विचार. ती पुन्हा त्यांच्याकडे गेली.