आगीवर जगणारं रान

नॉर्थ कॅरोलिनात विल्मिंग्टनजवळ ग्रीन स्वॉम्प नावाचं राखीव रान आहे. मे महिन्यात तिथे गेलो, तर लाँगलीफ पाइनची खोडं पुरुषभर उंचीपर्यंत काळी पडलेली. सह्याद्रीतले वणवे पाहिलेल्या माणसाला आधी चर्र होतं. पण ही आग जाणकार माणसं वारा आणि ओल बघून, दर काही वर्षांनी मुद्दाम लावतात. पूर्वी हे काम विजा करायच्या. आग थांबली की झुडपं माजतात, जमिनीवर ऊन पोचत नाही आणि खालची गवतं, फुलं मरतात. लाँगलीफचं रोप पहिली काही वर्षं गवताचा झुबकाच वाटतं. वरच्या सुया जळतात, आतला कोंब शाबूत राहतो.

एका जुन्या, जिवंत पाइनवर रेड-कॉकेडेड सुतारपक्ष्याची ढोली दिसली. ती कोरायला बऱ्याचदा काही वर्षं लागतात. ढोलीभोवती तो सालीला टोचे मारत राहतो आणि डिंक मेणबत्तीच्या मेणासारखा खाली ओघळतो. त्या चिकट खोडावर सापाला चढणं अवघड जातं.

पाइन विरळ होऊन पाणथळ सुरू होते, त्या ओल्या पट्ट्यात व्हीनस फ्लायट्रॅप आहे. जगात ही वनस्पती नैसर्गिकरीत्या फक्त दोन्ही कॅरोलिनांच्या या किनारी भागात उगवते. गुडघे टेकून बसलो. नखाएवढ्या लालसर पानात एक मुंगी शिरली. आतल्या केसाला तिचा एकदा धक्का लागला, काहीच झालं नाही. लगेच दुसऱ्यांदा लागला आणि पान मिटलं. पावसाच्या थेंबाने, काडीकचऱ्याने फुकट मिटू नये म्हणून ही दोनदा खात्री. पांढरी फुलं मात्र उंच देठावर, पानांपासून लांब. तिथे येणाऱ्या मधमाश्या सहसा पकडीत सापडत नाहीत.

आपल्या कास पठारावरचा दवबिंदूही कीटक खातो, कारण तेच: निकस जमिनीत नत्र फार कमी. पण तेवढ्यावरून कोणी आपली पठारं पेटवू नयेत. ग्रीन स्वॉम्पचं रान आगीबरोबर घडलं, आपले वणवे बहुतेक माणसाच्या हलगर्जीपणाचे.

रानातले फ्लायट्रॅप चोरून उपटणारे पुष्कळ. नॉर्थ कॅरोलिनातल्या काही किनारी जिल्ह्यांत 2014 पासून तो गंभीर गुन्हा आहे. हौस असेल तर रोपवाटिकेत वाढवलेलं रोपच घ्या, आणि ते कुठून आलं हे विक्रेत्याला जरूर विचारा.