सांधा

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे वाडवडील सांगत आले, आणि ते सांगताना मूठ उघडू पाहणाऱ्यालाच त्यांनी अविवेकी ठरविले. परंतु उत्तरपाड्याच्या कारखान्यात घडलेल्या जुन्या अ‍ॅम्बॅसडरचा इनटेक मॅनिफोल्ड सोडवून कोलकात्याच्या घरासमोर मांडून ठेवला असता, ती म्हण मनातून हलेनाशी होते. त्या मुठीत काही होते, असे म्हण कोठेच म्हणत नाही. तिचे मोल पाहणाऱ्याच्या अज्ञानावर उभे आहे, आणि अज्ञानावर उभ्या असलेल्या अब्रूला अब्रू म्हणावे काय, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही.

याउलट जुन्या दप्तरांतील लाखोटा पाहावा. त्यावरील लाख मजकूर लपविण्यापुरती नसे; मधल्या मुक्कामात कोणी तो उघडला नाही, याची ती साक्ष देई. म्हणजे झाकणे लपविण्यासाठी असते तसे हवाला देण्यासाठीही असते. माझ्या पुढ्यातला, मॅनिफोल्ड आणि इंजिन यांमधला सांधा यांपैकी कोणत्या जातीचा?

१४८९ सीसीच्या या इंजिनात आत येणाऱ्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा आणि बाहेर जाणाऱ्या धुराचा, असे दोन्ही मार्ग एकाच अंगाला, एकाच पॅकिंगवर टेकलेले असतात. पिस्टन खाली जाताना जे शोषण होते, ते सूक्ष्म फटीतूनही बाहेरची हवा ओढून घेते. मग मिश्रण विरळ होते आणि उभ्या गाडीचा श्वास अडखळू लागतो. मल्लिक बाजारातले जुने मिस्त्री अशा ठिकाणी शेलॅक लावण्यास सांगतात. शेलॅक म्हणजे आपली लाखच: पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर कीटकांनी निर्माण केलेली, पुरुलिया आणि छोटा नागपूरच्या रानांतून या शहरात येत राहिलेली. महाभारतातल्या पुरोचनाने वारणावतात पांडवांसाठी जिचे घर बांधले, तीही हीच. आणि १९०८ साली सियालदहला व पुढे १९२८ साली दमदमला ग्रामोफोन कंपनीने ज्या तबकड्या दाबल्या, त्यांतही हीच लाख होती. आपल्या संगीत रंगभूमीची पदे येथून बंगालच्या लाखेत उमटून पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत पोहोचली, हे आठवले की हातातील पाना खाली ठेवून मी उगीच बसून राहतो. एकाच द्रव्याने पांडवांच्या मृत्यूची सिद्धता करावी आणि त्यानेच गवयाचा कंठ जतन करावा! द्रव्याला दोष नाही, हे उत्तर सोपे आहे. पण ते मला पुरत नाही.

लाख ऐंशी अंश सेल्सियसच्या आसपास वितळते, आणि धुराचा नळ तर शेजारीच. म्हणून काही जाणकारांचा आग्रह असा की, दोन्ही पृष्ठभाग खरवडून स्वच्छ करावे, पोलादी पट्टी आडवी धरून त्यांची सपाटी तपासावी आणि पॅकिंग कोरडेच बसवावे. सपाट असेल तर लाख नको, वाकडे असेल तर लाख ते व्यंग केवळ काही काळ दडवील. हे मला पटले होते. पण पूर्ण सपाट असे या जगात काय आहे? तसे असते तर मध्ये पॅकिंग तरी कशाला लागते? मग दडविणे आणि सांभाळून घेणे यांची सीमारेषा नेमकी कोठे आखावी, हे मला काल जितके स्पष्ट होते तितके आज नाही. ज्या वाचकांनी असे सांधे आपल्या हाताने बसविले आणि वर्षानुवर्षे टिकविले असतील, त्यांनी आपला अनुभव अवश्य कळवावा.