रिपोर्ट नॉर्मल होता

कॅल्शियम म्हणजे वाढत्या मुलांचं दूध आणि म्हातारपणच्या गोळ्या. मधल्या वयाचा त्याच्याशी संबंध नाही, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. आईचं मनगट साध्या पडण्याने मोडलं, तेव्हा रक्ततपासणीत तिचं कॅल्शियम नॉर्मल आलं आणि त्या एका आकड्यावर मी निर्धास्त झाले. पुढे हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये हाडं ठिसूळ निघाली. दोन्ही रिपोर्ट खरे कसे, हे डॉक्टरांनी समजावलं आणि माझं मत पार बदललं.

शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेलं जेमतेम एक टक्का. पण हृदयाचे ठोके, स्नायूंची हालचाल, रक्त गोठणं, सगळं त्याच्या आधाराने चालतं. म्हणून शरीर रक्तातली पातळी ढळू देत नाही. जेवणातून कमी पडलं की मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचा स्राव वाढतो आणि हाडांतलं कॅल्शियम रक्तात उतरतं. आईचा रिपोर्ट नॉर्मल होता तो हाडांच्या जिवावर!

हाड जिवंत असतं. ते सतत झिजतं आणि सतत भरून निघतं. साधारण तिशीपर्यंत भर जास्त असते, नंतर हळूहळू झीज वरचढ होते, आणि पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटलं की काही वर्षं ती फार वेगाने होते. म्हणजे जी वर्षं मी बिनमहत्त्वाची समजत होते, त्यातच साठा करायचा आणि राखायचा असतो. आईच्या त्या वर्षांत आमच्या घरी दूध आधी पुरुषांच्या आणि मुलांच्या पेल्यात जायचं, तिला चहापुरतं. अगदी बाळंतपणातही. याचं मला फार वाईट वाटतं.

मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. कपभर दुधातून त्याचा पाव भाग मिळतो. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं; शिवाय तीळ, शेवग्याचा पाला, काट्यासकट खाल्लेली बारीक मासळी. पालकावर माझा मोठा भरवसा होता, पण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अंगी लागू देत नाही. आणि ड जीवनसत्त्व कमी असेल तर खाल्लेलंही नीट शोषलं जात नाही, म्हणून ऊन हवं.

माझी मुलगी कॉलेजात आहे. वजन वाढेल म्हणून तिने दूध-दही सोडलं, तेव्हा मी गप्प बसले होते. आता बसत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या मात्र देत नाही. आधी तिच्या ताटात काय पडतं ते बघते.