कान्हेरीची वाट आणि ट्यूबचा वाद

आमच्या बोरिवलीच्या घरांत गेल्या महिन्यांत एक वाद उपस्थित झाला. धाकट्या पुतणीस कॉलेजाकरितां रोज स्टेशनपर्यंत जावें लागतें, तेव्हां तिला सायकल घ्यावी, याविषयीं सर्वांचें एकमत होतें. परंतु तिच्या चाकांत ट्यूब असावी कीं सायकल ट्यूबलेस असावी, येथें मात्र घरांत दोन पक्ष पडले. थोरला पुतण्या ट्यूबलेसचा कैवारी. आणि लहानपणापासून पंक्चर काढून हात काळे केलेला मी ट्यूबचा अभिमानी. शेवटीं वहिनी म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही दोघे आपापल्या सायकलींवरून कान्हेरीस जाऊन या, आणि मग बोला."

मार्गशीर्षांतील एका रविवारीं आम्ही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत शिरलों. हमरस्त्यावरचा गोंगाट मागें पडला आणि दोन वळणांतच आपण मुंबईंत आहों याचा विसर पडावा अशी झाडी लागली. सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें हें अरण्य एवढ्या मोठ्या नगराच्या कुशींत टिकून आहे, हें मुंबईकरांचें भाग्यच म्हणावयाचें. दारापासून लेण्यांपर्यंत सुमारें सहा किलोमीटरांची वाट आहे. आणि शेवटचा चढ असा कीं, ज्यानें सकाळीं पोहे अधिक खाल्ले असतील त्यास त्यांची आठवण व्हावी.

चढ लागण्यापूर्वींच बोरीच्या काट्यांनीं दोघांचीहि परीक्षा घेतली. पुतण्याच्या टायरमधून दुधासारखा पांढरा थेंब बाहेर आला, चाक दोनचार वेळां फिरलें आणि भोंक बुजलें. माझ्या चाकानें मात्र फुस्स करून प्राण सोडला. ट्यूबलेस म्हणजे कांहीं जादू नव्हे. रिमवरील आऱ्यांचीं भोंकें पट्टीनें बुजवून व टायरची कड रिमला घट्ट बसवून हवा थेट टायरमध्येंच कोंडलेली असते. आंत रबरी चिकाचा द्रव घातलेला असतो, तो हवेबरोबर भोंकाकडे धांवतो व तेथेंच गोठतो. शिवाय हवा थोडी कमी ठेवली तरी चालते, त्यामुळें खड्ड्याचा धक्का सौम्य होतो. ट्यूबमध्यें हवा कमी असली तर खड्ड्यांत ती रिम आणि टायर यांमध्यें चिमटून तिला शेजारीं शेजारीं दोन भोंकें पडतात.

मीं कडेस बसून टायर उतरविला, आंतून हात फिरवून काटा काढला, ट्यूब गालाजवळ धरून वारा कोठून येतो तें पाहिलें, पॉलिशकागदानें घांसून सोल्यूशन लावलें आणि ठिगळ चिकटविलें. वीस मिनिटें गेलीं. पुतण्या झाडाखालीं बसून मंद हंसत होता.

कान्हेरीस काळ्या खडकांत शंभरांहून अधिक लेणीं आहेत. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झालेलें हें काम कित्येक शतकें चाललें. तिसऱ्या क्रमांकाचें चैत्यगृह भव्य खरेंच. परंतु माझें मन वेधून घेतलें तें लेण्यांपाशीं खोदलेल्या पाण्याच्या टांक्यांनीं. डोंगरावर राहावयाचें तर आपल्या गरजेची तजवीज आपल्याजवळ असावी, ही त्या भिक्षूंची दूरदृष्टि! परततांना तिचें महत्त्व आम्हांस फार लवकर पटलें.

उतारावर एका धारदार दगडानें पुतण्याच्या टायरची बाजू अर्धा इंच फाडली. द्रवाचे शिंतोडे त्याच्या सदऱ्यावर उडाले, पण एवढी चीर बुजेना. अशा वेळीं चिरेखालीं जाड कापडाचा तुकडा ठेवून ट्यूबलेस चाकांतहि ट्यूब घालतां येते. पण त्यानें ती आणलीच नव्हती. माझ्या पिशवींत एक होती. ती घालावयास गेलों तों तिचा वॉल्व जाड आणि त्याच्या रिमचें छिद्र बारीक!

ऊन ओसरूं लागलें होतें. दार बंद होण्यापूर्वीं बाहेर पडणें भाग होतें, आणि हें अरण्य बिबट्यांचें आहे हें दोघांसहि ठाऊक. सायकली हातीं धरून आम्ही चालूं लागलों. एके ठिकाणीं पाचोळा सळसळला. माकडच होतें, पण पुतण्या अगदीं जवळ सरकला. "काका, तुमचें चाक ठीक आहे. तुम्ही पुढें जा, आई काळजी करीत असेल," असें तो म्हणाला खरा, पण त्यास एकट्यास सोडून मी कसा जाणार? दाराशीं पोहोंचलों तेव्हां रस्त्यावर दिवे लागत होते.

रात्रीं जेवतांना मीं एक गोष्ट सांगितली. १८८८ सालीं बेलफास्ट येथें डनलप नांवाच्या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीस हवेचीं चाकें बसविलीं, तीं मुलाचे धक्के कमी व्हावेत म्हणून. तेव्हां चाकाची निवड करावयाची ती बसणाऱ्याची वाट पाहून. आपला अभिमान पाहून नव्हे. जो दर आठवड्यास काट्याकुट्यांत जातो आणि चाकाची निगा राखतो, त्यास ट्यूबलेस उत्तम. मात्र बारीक वॉल्वची एक ट्यूब त्यानें जवळ बाळगावी. स्टेशनापर्यंत जाणारीस ट्यूबच बरी. तिचें पंक्चर कोपऱ्यावरचा कोणीहि काढून देतो. ट्यूबलेसमधील द्रव आपल्याकडील उष्म्यानें कांहीं महिन्यांतच सुकतो आणि पुन्हां भरावा लागतो. शिवाय टायरची कड बसविण्यास हवेचा जो जोर लागतो, तो हातपंपानें पुष्कळदां येत नाहीं.

पुतण्यानें हा निकाल मुकाट्यानें मान्य केला. पुतणीनें मात्र विचारलें, "काका, वाटेंत कोपऱ्यावर कोणी नसला तर?" दुसऱ्या दिवशीं घमेल्यांत पाणी घेऊन अंगणांत तिची शिकवणी सुरू झाली, आणि थोड्या वेळानें पुतण्याहि तिच्या शेजारीं येऊन बसला.