व्हिक्टोरिया मेमोरियल ते शहीद मिनार

कोलकात्यात रवींद्र सदन मेट्रो स्थानकातून बाहेर पडून थोडं चाललं, की झाडांच्या वर व्हिक्टोरिया मेमोरियलचा पांढरा घुमट दिसू लागतो. बाहेर झालमुडीवाले आणि पुचकावाले, आत कॅमेरे सरसावलेले पर्यटक. बहुतेकांची नजर घुमटावरच्या विजयदेवतेवर. दगडकामाचा शौकीन मात्र थेट भिंतीशी जातो. ताजमहालाला वापरला तोच हा मकराण्याचा संगमरवर. चिऱ्याला चिरा असा भिडवलेला, की सांधा शोधायला डोळे बारीक करावे लागतात.

पायाभरणी 4 जानेवारी 1906 ला झाली, उद्घाटन 28 डिसेंबर 1921 ला. कल्पना लॉर्ड कर्झनची, आराखडा विल्यम इमर्सनचा, बांधकाम सर राजेंद्रनाथ मुखर्जी भागीदार असलेल्या मार्टिन आणि कंपनीचं. एवढी नावं गाइडही सांगतो. छिन्नी चालवणारे कोण, ते कुणी सांगत नाही.

त्यांनी संघटना बांधली असती, तरी तिला कायद्याचं संरक्षण नव्हतं. मुंबईत 31 ऑक्टोबर 1920 ला आयटक ही कामगार महासंघटना स्थापन झाली. पुढच्याच वर्षी तिच्या संस्थापकांपैकी ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात कामगार संघटनांची नोंदणी आणि संरक्षण यांसाठी ठराव मांडला. ट्रेड युनियन कायदा मात्र 1926 मध्ये आला. तोवर मेमोरियल खुलं होऊन चार वर्षं उलटली होती.

पाथरवट एकत्र आले तर काय होतं, हे मेलबर्ननं त्याआधी कितीतरी वर्षं पाहिलं होतं. 21 एप्रिल 1856 ला तिथल्या विद्यापीठाच्या बांधकामावरच्या पाथरवटांनी हत्यारं खाली ठेवली आणि संसद भवनावर मोर्चा नेला. मजुरी न कापता आठ तासांचा दिवस त्यांनी मिळवलाच. सहा वर्षांनी, 1862 मध्ये, हुगळीपलीकडे हावड्यात रेल्वेच्या सुमारे 1200 मजुरांनी याच आठ तासांसाठी संप केला.

रवींद्र सदनहून मेट्रोनं पुढं तिसरं स्थानक एस्प्लनेड. मैदानाच्या या टोकाला ब्रिटिश सेनानी ऑक्टरलोनीच्या स्मरणार्थ 1828 मध्ये उभारलेला 48 मीटर उंच मनोरा आहे. 1969 मध्ये त्याचा शहीद मिनार झाला.

मनोरा उभा राहण्याच्या आदल्याच वर्षी शहरातल्या ओडिया पालखीवाल्यांनी काम बंद केलं होतं. सरकारनं त्यांना बिल्ले सक्तीचे केले, भाड्याचे दर बांधून दिले. भोई बिथरले, पालख्या ठेवून मैदानावर जमले आणि साहेबलोकांची पंचाईत झाली.

मिनारच्या पायथ्याशी आजही कामगारांच्या सभा भरतात, रंगीबेरंगी झेंडे येतात, कर्णे घुमतात. तिथं येणाऱ्या बांधकाम मजुराला 1996 च्या कायद्यानं एक हक्कही दिला: वर्षात 90 दिवस बांधकामावर राबलेल्याला, मग तो संगमरवराच्या लाद्या बसवणारा का असेना, कल्याणकारी मंडळात नाव नोंदवता येतं.