दोर आपणच टाकायचा

मैत्रिणींनो, तुमचा वाढदिवस कधी असतो हो? थांबा, थांबा. मुलांचे, नातवंडांचे, ‘ह्यां’चे आणि सासूबाईंचे वाढदिवस तुम्हांला तोंडपाठ असणार, ते मला ठाऊक आहे. मी विचारते आहे ते तुमच्या स्वतःच्या वाढदिवसाचं. आणि तो शेवटचा कधी साजरा झाला?

मला कुणी विचारलं असतं तर मी गप्पच बसले असते. लहानपणी आई तिथीने ओवाळायची. लग्नानंतर ‘हे’ तारखेला न विसरता मोगऱ्याचा गजरा आणायचे. ते गेले आणि गजराही गेला. पंचवटीतला आमचा जुना वाडा पडला. मुलाची नोकरी पुण्याला, म्हणून मी इंदिरानगरात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायला आले. वय वर्षे अडुसष्ट. जिन्यात भेटणाऱ्या बायकांशी ‘काय, झाला का चहा?’ यापलीकडे बोलणं नाही. दार लावलं की मी आणि भिंतीवरचं घड्याळ!

अशातच मे महिन्याच्या सुट्टीत नातू आला. येताना त्याने एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं, ‘द फर्स्ट इंडियन’. लेखक आपलेच, नौदलातले दिलीप दोंदे. शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. नातू दुपारी वाचायचा आणि मला मराठीतून समजावून सांगायचा. मी आपली गहू निवडता निवडता ऐकायची.

आपण नाशिकच्या बायका. श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा आपल्याला नवी नाही. पण ही ‘सागर परिक्रमा’ काय सांगावी! तिचेही नियम असतात बरं का. सुएझ किंवा पनामाच्या कालव्यातून जवळची वाट धरायची नाही. विषुववृत्त ओलांडायचं, सगळे रेखांश ओलांडायचे आणि ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका व आफ्रिका यांच्या टोकांवरच्या तीन भूशिरांना दक्षिणेकडून वळसा घालायचा. एकूण २१,६०० सागरी मैलांपेक्षा जास्त वाट, आणि भर समुद्रात दुसऱ्याची मदत घ्यायची नाही.

ही कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर ते फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहत. समुद्रापासून इतक्या दूर, आपल्यासारखेच कोरड्यावर! पण मन समुद्रावर. भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या बोटीतून हे करावं, असा त्यांचा ध्यास. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटांची ‘म्हादेई’ तयार झाली. नदीचं नाव बोटीला! १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले. श्रावण संपत आला होता. चार दिवसांनी घरोघरी गणपती बसले तेव्हा हा माणूस हिंदी महासागरात एकटा.

वाटेत मुक्काम चारच. ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटलटन, फॉकलंड बेटांवर पोर्ट स्टॅनली आणि मग केपटाऊन. मे २०१० मध्ये ते मुंबईला परत पोचले.

मैत्रिणींनो, माझं चित्त अडकलं ते भलत्याच ठिकाणी. पूर्वेकडे जाणारी बोट न्यूझीलंडच्या पुढे १८० अंश रेखांश ओलांडते ना, तेव्हा कॅलेंडरची तीच तारीख तिला पुन्हा एकदा मिळते. नातू म्हणाला, “आजी, त्या दिवशी वाढदिवस असला तर लागोपाठ दोनदा!” मी म्हटलं, “अरे, आपल्याकडे घरबसल्या दोन असतात, एक तिथीचा आणि एक तारखेचा.” हसलो दोघं. पण रात्री अंथरुणावर पडले आणि मनात आलं, दोन असून उपयोग काय? माझा तर एकही होत नाही.

असा एकट्याचा वाढदिवस समुद्रावर कुणाकुणाला करावा लागला असेल? नातवाने शोधून सांगितलं. न थांबता एकट्याने प्रदक्षिणा पुरी करणारे जगातले पहिले रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्यांची ३२ फुटांची ‘सुहैली’ मुंबईतच सागवानात बांधलेली. १७ मार्च १९६९ ला ते तीस वर्षांचे झाले तेव्हा अटलांटिकमध्ये होते. रेडिओ कधीचा बंद पडलेला. हा माणूस जिवंत आहे की नाही, हेही घरच्यांना ठाऊक नव्हतं! पुढे याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे दोंदे यांनी धडे घेतले. आणि ‘म्हादेई’तूनच कुठेही न थांबता प्रदक्षिणा करणारे अभिलाष टॉमी यांनाही २०१३ सालचा फेब्रुवारीतला वाढदिवस समुद्रावरच आला.

बायका मागे आहेत असं समजू नका हं! दोंदे यांनीच शिकवून तयार केलेल्या नौदलाच्या सहा मुली २०१७ च्या सप्टेंबरात ‘तारिणी’ बोटीतून गोव्याहून निघाल्या आणि मे २०१८ मध्ये जग फिरून परत आल्या. वर्तिका जोशी त्यांची कप्तान. मग २०२४-२५ मध्ये दिलना आणि रूपा या दोघीच त्याच बोटीतून जाऊन आल्या. दोघीच! भांडल्या तर जायचं कुठे, असं मला आधी वाटलं. मग वाटलं, भांडायला तरी दुसरं माणूस होतं.

नातवाने एक गोष्ट सांगितली ती मात्र काळजात रुतली. बोट कितीही मोठा समुद्र तरून आली, तरी धक्क्याला लागताना दोर तिनेच टाकायचा असतो. धक्क्यावर कुणीतरी उभं असतं, ते झेलतं आणि बांधतं. दोरच टाकला नाही तर काठावरच्या माणसाने करावं तरी काय?

माझा वाढदिवस जूनमध्ये. त्या दिवशी सकाळी मुलाचा फोन आला, डोळे भरले, पुसले. मग पदर खोचला आणि रव्याचा केक करायला घेतला. अंडं नको की भट्टी नको. वाटीभर बारीक रवा, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी दही, अर्धी वाटी दूध आणि पाव वाटी पातळ तूप एकत्र करून तासभर झाकून ठेवावं. अगदी शेवटी वेलदोड्याची पूड आणि अर्धा चमचा खायचा सोडा. कुकरच्या तळाशी जाडसर मीठ पसरावं, पाणी घालू नये, शिट्टी आणि रिंग काढून ठेवावी. मंद आचेवर चाळीसएक मिनिटं. सुरी घालून पाहावी, कोरडी निघाली की झालं.

संध्याकाळी बशा भरून एकेक दार वाजवलं. “आज माझा वाढदिवस आहे,” एवढंच म्हणायचं होतं, पण पहिल्या दारी जीभ जडच झाली, खोटं कशाला सांगू? तळमजल्यावर केरळच्या एक निवृत्त नर्सबाई राहतात. त्यांनी माझा हात धरून आत बसवलं आणि वरच्या मजल्यावर निरोप धाडला. अर्ध्या तासात आम्ही सहाजणी माझ्या घरात! कुणी भजी आणली, कुणी मोगरा.

नर्सबाई म्हणाल्या, “तुमच्यात ओवाळतात ना? मग ओवाळा की!”

सगळ्याजणी गप्प. का ते तुम्हांला सांगायला नको. मी कपाळावर हात नेला आणि हसून म्हटलं, “राहू द्या हो, आता आमचं कसलं औक्षण!”

तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या आजी उठल्या. ऐंशी वर्षांच्या, माझ्यासारख्याच, त्यांचेही यजमान जाऊन वीस वर्षं झालेली. म्हणाल्या, “ताम्हण कुठाय तुझं? आयुष्य मागायला नवरा कशाला लागतो?” भांडी बाजारातून लग्नात घेतलेलं माझं पितळी ताम्हण फडताळाच्या तळाशी होतं. नर्सबाईंनी वात लावली. आजींनी कुंकवाचं बोट टेकवलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. त्यांचा हात थरथरत होता. माझंही सगळं अंग.

मग आजींना मी विचारलं, “तुमचा कधी असतो?” त्या थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, “कार्तिकात. पण विचारलं नाही कुणी.”

आता आमच्या जिन्यात कॅलेंडर टांगलंय. सहाजणींच्या तारखा लाल शाईने लिहिल्या आहेत. आजींची तेवढी तिथी.

तर मैत्रिणींनो, आज संध्याकाळी शेजारचं दार वाजवा आणि विचारा. आणि हो, तुमचीही तारीख सांगायला विसरू नका!