बोर्ड चकाचक, मगच गुलमर्ग!

गुलमर्गचं तिकीट बुक झालं, जॅकेट आलं, गॉगलही आला. पण गेल्या सीझनपासून माळ्यावर पडलेल्या स्नोबोर्डचं काय? मुंबईच्या दमट हवेत त्याच्या पोलादी कडांना गंज चढतो, तळ कोरडा पडून पांढुरका दिसायला लागतो. असं बोर्ड बर्फावर सरकत नाही, अडखळतं.

सर्व्हिसिंगचा फंडा सोपा आहे. आधी तळावरच्या चिरा प्लॅस्टिक वितळवून बुजवायच्या. मग कानस मारून कडांना धार काढायची. शेवटी गरम इस्त्रीने वॅक्स. ते थंड झालं की खरवडायचं आणि ब्रश फिरवायचा. बर्फ जितका थंड, तितकं वॅक्स कडक लागतं. म्हणून हे काम गुलमर्गला पोचल्यावरच करा. स्की भाड्याने देणाऱ्या तिथल्या काही दुकानांत ते होतं. त्यासाठी एक दिवस हाताशी ठेवा. विमानप्रवासानंतर बाइंडिंगचे स्क्रूही घट्ट करून घ्या.

एवढी उठाठेव कशाला? कारण २००५ मध्ये सुरू झालेला गोंडोलाचा दुसरा टप्पा तुम्हाला अफरवटवर, सुमारे ३,९०० मीटर उंचीवर नेऊन सोडतो. तिथे मशीनने सपाट केलेले उतार नाहीत. कडेने बर्फ धरला नाही, तर वळण हातचं गेलंच!

हिमस्खलनापुढे मात्र कुठलीच धार चालत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये याच अफरवटवर दोन पोलिश स्कीअर्सचा जीव गेला. तेव्हा बोर्ड दुकानात असतानाच स्की पेट्रोलचा हिमस्खलनाचा इशारा वाचा. धोका जास्त असेल, तर खालच्या उतारांवरही मस्त धमाल होते!